आधी स्टेपनी दाखवा

फोन आला तेव्हा मी ताईंचे धुतलेले कपडे न्यायला बालाघाटला घरी आले होते. गोंदियाच्या दवाखान्यात त्यांच्याजवळ आमचे हे थांबले होते. "मंदा..." हे म्हणाले. मग म्हणाले, "ताई गेली." मी पिशवीत भरलेले दोन गाऊन बाहेर काढले, पुन्हा घडी घातली, पुन्हा पिशवीत ठेवले. आता ते कोणासाठी न्यायचे होते, कोणाला ठाऊक... पण पिशवी घेऊनच मी निघाले.

त्याला आता काही आठवडे झाले. या दिवसांत घरी येऊन गेलेल्या प्रत्येकानं एक शब्द न चुकता उच्चारला. बिचारी. बिचारीनं लग्न केलं नाही, बिचारी एकटी राहिली, बिचारीला मूलबाळ नाही. पहिले काही दिवस मी मान हलवली, चहा दिला. मग एके दिवशी एका बाईंच्या हातात चहाचा कप असतानाच मी म्हणाले, "बिचारी कोणाले म्हणता? त्या बाईले सारा बैहरचा घाट ओळखत होता." त्या बाई लवकर उठून गेल्या. हे म्हणाले, "असं तोडून बोलाव का लोकाईले?" पण मला मुळीच वाईट वाटलं नाही. म्हणूनच हे लिहायला बसले आहे. नलूताई काहीही होत्या, बिचाऱ्या नव्हत्या.

नलिनी माझी नणंद, ह्यांची थोरली बहीण. आमचे सासरे भंडाऱ्याकडून नोकरीसाठी बालाघाटला आले आणि इथलेच झाले. नलूताई शिकून आरोग्यसेविका झाल्या, पुढे पर्यवेक्षिका. एकदा लग्न ठरलं होतं. मुलाकडच्यांनी सांगितलं, जंगलातली नोकरी सोडावी लागेल. ताईंनी सुपारी परत पाठवली आणि दुसऱ्या दिवशी लशीच्या डोसांची पेटी खांद्याला अडकवून उकव्याची बस पकडली. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही गोष्ट जुनी झाली होती, पण सासूबाई ती सांगताना अजूनही डोळ्यांना पदर लावत. ताई स्वयंपाकघरातून ओरडत, "आई, पुरं झालं नं आता! त्या पोराचे केस गेले म्हणे. वाचली मी."

मी त्यांना स्टेपनीच्या वेडावरून ओळखायला लागले ते नंतर. या वेडाचं मूळ त्यांनी मला एकदाच सांगितलं, आणि तेही मी फार खोदून विचारलं म्हणून. उकव्याच्या पलीकडच्या एका गावात सुकवती नावाची बाई अडली होती. दोन दिवस कळा देत होती, मूल आडवं होतं. ताईंनी गावातल्या माणसांना हाताशी धरून तिला खाटेवर घालून सडकेपर्यंत आणलं, भाड्याची जीप मिळवली आणि बालाघाटकडे निघाल्या. चैत्रातली दुपार. घाटाच्या अर्ध्यावर मागचं चाक बसलं. ड्रायव्हरनं शिव्या देत स्टेपनी काढली, जमिनीवर टाकली, तर ती टाकताक्षणी पसरली. ती केव्हापासून रिकामी होती हे त्यालाही माहीत नव्हतं. दुसरी गाडी यायला ऊन उतरावं लागलं. तोवर सडकेच्या कडेला, सालाच्या झाडाखाली ताईंनी बाळाला हातानं वळवून बाहेर काढलं. पोरगी जगली. सुकवती मात्र... रक्त थांबलंच नाही. तिचं डोकं मांडीवर घेऊन ताई बसून राहिल्या.

"मंग जीपचा मालक आला," ताई मला सांगत होत्या. "म्हणते कसा, दीदी, नसीब था बेचारी का. मी म्हटलं, नसीब नाई. चाक में हवा नहीं थी. एवढंच. नसीबाचं नाव कायले घेतं?"

मला वाटतं, तेव्हापासूनच 'नसीब' या शब्दाची त्यांना चीड आली असावी.

दुसऱ्या दिवसापासून ताई उकव्याच्या स्टँडवर उभ्या राहायला लागल्या. पोटुशी बाई जीपमध्ये बसताना दिसली की आधी मागे जायच्या, म्हणायच्या, "आधी स्टेपनी दाखवा." अंगठ्यानं दाबून पाहायच्या. नरम लागली तर बाईला खाली उतरवायच्या. जीपवाले भडकले. "तुम क्या ट्रॅफिक पुलिस हो?" इथपासून सुरुवात झाली आणि शेवटी त्यांनी एकी करून ताईंनाच गाडीत घ्यायचं बंद केलं. ताई बसनं जात, बस चुकली तर पायी. एका पावसाळ्यात तापानं फणफणून घरी आल्या. तेव्हा ह्यांनी हात जोडून म्हटलं, "ताई, सोड नं हे. साऱ्या जगाचा ठेका तू घेतला का?" ताई पांघरुणातून म्हणाल्या, "साऱ्या जगाचा नाई. उकवा ते बालाघाट, बस."

ताप उतरल्यावर त्या गाडी चालवायला शिकल्या. जुनी, लहानशी पांढरी गाडी घेतली. गाडी घरी आली त्या दिवशी आम्ही नारळ, हार घेऊन बाहेर गेलो, तर ताई साडी खोचून डिकीत वाकलेल्या. पूजा नंतर, आधी चाक. पुढे त्याच गाडीतून त्यांनी किती बायांना दवाखान्यात आणलं, ते त्यांनी कधी मोजलं नाही आणि मीही मोजणार नाही. एवढं मात्र मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे : काही वर्षांनी मी त्यांच्यासोबत उकव्याला गेले तेव्हा स्टँडवरचे जीपवाले ताई दिसताच आपणहून मागचा भाग उघडून उभे राहिले. एकजण म्हणाला, "देख लो बुआजी, टनाटन है." ताईंनी तरीही अंगठा लावून पाहिलाच.

घरात मात्र या सवयीनं आम्हाला लाजवलं. आमच्या मुलाची वरात वारासिवनीला निघाली होती. दारात बस, चार गाड्या, बँडवाले वाजवून वाजवून घामेघूम, नवरदेव गाडीत बसलेला. आणि करवलीच्या मानाची आत्या, मोरपंखी शालूचा पदर कमरेला खोचून एकेका गाडीच्या मागे. "आधी स्टेपनी दाखवा." एका गाडीत स्टेपनीच नव्हती. तिच्या जागी लाडवांचे डबे रचले होते. ताईंनी ती गाडी अडवली. ड्रायव्हर चाक आणायला गेला, वरात उन्हात ताटकळली, व्याह्यांचे फोनावर फोन. हे माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "हिले कोणी तरी समजवा नं." मी म्हटलं, "बहीण तुमची हाये."

तेवढ्यात आमच्या नात्यातले एक जावई मोठ्यानं म्हणाले, "अरे, जो खुद किसी की स्टेपनी रही, उसको स्टेपनी की फिकर नहीं होगी तो किसको होगी?"

चारपाच माणसं हसली. आमच्याकडे पुरुषानं ठेवलेल्या दुसऱ्या बाईलाही स्टेपनी म्हणतात. ताईंसोबत लसीकरणाला एक कंपाउंडर जायचे. वयानं मोठे, बायको गेलेली, अतिशय सज्जन. त्या दोघांवरून एके काळी बालाघाटात बरंच बोललं गेलं होतं. कंपाउंडर वारले तरी ते बोलणं पुरतं थांबलं नव्हतं. बँड नेमका त्याच क्षणी थांबला होता, त्यामुळे ते वाक्य सगळ्यांना ऐकू गेलं.

ताई सावकाश त्यांच्याकडे गेल्या. आवाजही चढवला नाही. "जावईबापू, तुमच्या गाडीत हाये का स्टेपनी?"

"नाई... पंचरले टाकली हाये."

"मंग तुमी बसमंदी बसा." मग जरा थांबून म्हणाल्या, "मले स्टेपनी म्हणा, मह्यं काही जात नाई. चाक बसलं की सारे तिलेच हाका मारतात. पण कंपाउंडरभाऊले यात आणाल तं याद राखा. गेलेल्या माणसाले जबाब देता येत नाई. मले येते."

जावईबापू बसमध्ये बसले. खिडकीशी बसले आणि वारासिवनीपर्यंत बाहेरच पाहत राहिले. त्या दिवशी एकही चाक पंचर झालं नाही. जेवणाच्या पंगतीत कोणीतरी म्हटलंच, "काय ताई, झालं का पंचर?" ताई वाढता वाढता म्हणाल्या, "झालं नाई म्हणून तं जेवून राह्यले. घ्या, मठ्ठा घ्या."

मला गाडी त्यांनीच शिकवली, पण स्टेअरिंगला हात लावू दिला तो फार नंतर. आधी अंगणात चाक बदलायला लावलं. मी म्हणायचे, "ताई, माझ्या हातात तेवढा जोर नाही हो." त्या म्हणायच्या, "हातात कायले पायजे? पाय काय देवपूजेले ठेवले?" आणि शिकवायच्या... गाडी सपाट जागी घे, ब्रेक ओढ, गिअरमंदी टाक, समोरच्या चाकाले दगड लाव. जॅकले हात लावायच्या आधी नट ढिले कर, नाहीतर गाडी वर आणि चाक गरागरा. पाना लाव अन् त्याच्यावर उभी राह्य, तुह्यं वजन काम करते. चिखलात जॅकखाली फळी पायजे. नट एकाच्या समोरचा एक आवळायचे, शेजारशेजारचे नाई. आणि सगळ्यात शेवटी, डिकी बंद करताना, "काढलेलं चाक घरी नेऊन विसरू नको. आजच पंचर काढून आण. नाहीतर तुही स्टेपनीबी नसीबावरच." मी चिडून एकदा पाना खाली टाकला. ताई पायरीवर बसून शेंगा सोलत होत्या. उचलून द्यायला उठल्या नाहीत. मीच उचलला.

निवृत्तीनंतर त्यांनी नवी गाडी घ्यायची ठरवलं. मी आणि हे सोबत होतो. शोरूममधला मुलगा टाय-बिय लावून फार उत्साहानं एकेक गोष्ट दाखवत होता. कॅमेरा, स्क्रीन, गाणी. ताईंनी काही पाहिलं नाही. थेट मागे गेल्या. डिकीतलं कार्पेट उचललं तर खाली चाकाऐवजी एक लहानसा डबा.

"हे काय हाये?"

"मॅडम, अब इसमें स्टेपनी नहीं आती. किट आती है. पंप और लिक्विड. वजन भी कम, जगह भी ज्यादा."

"खीला लगा तो ठीक. पत्थर से बाजू फटी तो?"

"फोन नंबर है मॅडम, गाड़ी आ जाएगी."

"अच्छा. उकवा के आगे घाट में मेरे को टावर दिखाओ, मैं अभी गाड़ी लेती हूँ."

तो बिचारा... पाहा, मीही तोच शब्द वापरला. त्यानं दुसरी गाडी दाखवली. तिच्यात चाक होतं, पण बाकीच्या चाकांपेक्षा बारीक. ताईंनी ते बाहेर काढायला लावून उभं करवलं. "ये टेम्परेरी है मॅडम, दुकान तक पहुँचने के लिए." ताई म्हणाल्या, "बेटा, मेरा रास्ता टेम्परेरी नहीं है." शेवटी त्यांनी तिसरीच गाडी घेतली, जिला पाचही चाकं सारखी होती. रंग त्यांना आवडला नव्हता. मरून. "रंगावर कोणी बसते का?" म्हणाल्या.

त्याच गाडीतून त्या स्वतःच्या आजाराची तपासणी करायला गेल्या, एकट्याच. कॅन्सर आहे हे आम्हाला संध्याकाळी अंगणात चप्पल काढता काढता सांगितलं, जसं एखाद्याच्या बदलीचं सांगावं. घरात रडारड झाली. ह्यांचे एक काका म्हणाले, "देवाची मर्जी, नलू. आता शांत मनानं घे." ताई उसळल्या. "काका, देवाची मर्जी देवाले माहीत. मी औषध घेऊन राह्यली. शांत गिंत काही नाई." मला नंतर म्हणाल्या, "मंदा, मले भेव वाटते. पण ते याईले नाई सांगायचं." तेवढंच एकदा. मी त्यांचा हात धरला तर त्यांनी थोडा वेळ धरू दिला, मग म्हणाल्या, "चाल, भात करपला तुहा."

पहिल्या काही किमोंना त्या स्वतः गाडी चालवत गोंदियाला गेल्या. पुढे मी चालवायला लागले आणि त्या शेजारी बसून माझं गिअर बदलणं नावाजत, म्हणजे शिव्या देत. एकदा परत येताना रजेगावच्या अलीकडे गाडी एका बाजूला ओढायला लागली. मी उतरून पाहिलं, मागचं चाक बसलं होतं. ऊन रणरणत होतं. ताईंना सकाळपासून उलट्या झालेल्या, डोक्याला रुमाल, अंगात हाडं तेवढी उरलेली. मी म्हटलं, "ताई, कोणाला तरी थांबवते. तुमच्यानं ऊन सहन नाही होणार."

"कोणाले? काहून?" त्या दार उघडून उतरल्याच. मोहाच्या झाडाखाली दगडावर बसल्या. "कर सुरू."

मी सुरू केलं. दगड लावले, नट ढिले केले, पान्यावर उभी राहिले. एक मोटरसायकल थांबली. तरुण जोडपं होतं, नवीन लग्न झालेलं असावं, मुलीच्या हातात हिरवा चुडा भरलेला. तो गडी घाईनं उतरला, "हटिए आंटी, मैं कर देता हूँ."

"अजिबात नाई," झाडाखालून ताई. "तू उभा राह्य. पाह्य. आणि बाई, तू इकडे ये, जवळून पाह्य. तुह्या नवऱ्याले चाक बदलता येते का, विचार त्याले."

ती नवी नवरी खुदकन हसली. तो लाजला. त्याला येत नव्हतं. मग दोघंही माझ्या शेजारी उकिडवी बसून पाहत राहिली. मी चाक चढवलं, समोरासमोरचे नट आवळले, जॅक उतरवला. घाम डोळ्यांत जात होता. मी शेवटचा आवळ द्यायला पान्यावर पाय ठेवणार तोच ताई म्हणाल्या, "थांब." उठून आल्या. माझ्या खांद्याचा आधार घेतला, रुमाल मागे सरकला होता तो तसाच राहू दिला आणि पान्यावर चढून उभ्या राहिल्या. पाना तसूभरही हलला नाही.

त्यांनी खाली पाहिलं. मग माझ्याकडे. "मंदा, तू एवढा घट्ट आवळला, का मह्यं वजनच राह्यलं नाई?"

"मी आवळला, ताई."

त्या मोठ्यानं हसल्या. अशा हसल्या, की मोटरसायकलवाला गडीही हसायला लागला. मग गाडीत बसल्या आणि बालाघाट येईपर्यंत झोपल्या. त्यानंतर त्या गोंदियाला जाऊन परत आल्या त्या दोनतीनदाच. शेवटच्या खेपेला आम्ही दवाखान्याच्या रुग्णवाहिकेतून नेलं. स्ट्रेचर आत सरकवत असताना त्यांनी डोळे उघडून ड्रायव्हरला काही विचारलं. आवाज फुटत नव्हता, ओठ हलले. ड्रायव्हर गोंधळला. मी मागे गेले, पाहिलं, आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "हाये ताई. कडक हाये." त्यांनी डोळे मिटले.

तेरवीच्या आदल्या दिवशी फोटोचा प्रश्न निघाला. नातेवाइकांनी नोकरीच्या ओळखपत्रावरचा ताईंचा फोटो मोठा करून आणला होता. तेलानं चापून बसवलेले केस, भेदरलेले डोळे, कोणी तरी रागावल्यासारखा चेहरा. मी तो फोटो पाहिला आणि आत जाऊन माझ्या मोबाइलवर दुसरा काढला. रजेगावच्या त्या नव्या नवरीनं त्या दिवशी माझा नंबर घेतला होता आणि संध्याकाळी मला हा फोटो पाठवला होता. आम्हा दोघींना नकळत तिनं तो टिपला होता. पान्यावर उभ्या राहिलेल्या ताई, उघडं टक्कल, एक हात माझ्या खांद्यावर, मान मागे टाकून हसताना. मी तो कोणाला दाखवला नव्हता. बाजारात जाऊन मोठा करवून आणला, चौकट घातली.

घरी गोंधळ झाला. चुलत सासूबाई म्हणाल्या, "मंदा, डोकं फिरलं का तुह्यं? टकलीचा फोटो कोणी लावते का? आणि असं हसणं... मेलेल्या माणसाचं?"

"तेव्हा त्या जिवंत होत्या, काकू."

"लोक काय म्हणतील?"

"लोकाईनं आयुष्यभर म्हटलं. थकले नाहीत अजून?"

आवाज वाढले. कोणी म्हणालं, दोन्ही लावा. कोणी म्हणालं, निदान डोक्यावर पदर चढवून घ्या, कॉम्प्युटरवर होते म्हणे. मी चौकट छातीशी धरून उभी होते, आणि सांगते, त्या क्षणी कोणी हात लावला असता तर मी दिला नसता. हे इतका वेळ दारात उभे होते. त्यांनी आत येऊन माझ्या हातातली चौकट घेतली. मला वाटलं, संपलं. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी धरून पुष्कळ वेळ पाहिला. मग काकूंना म्हणाले, "हे ताई हाये. ते दुसरं कोण हाये, मले माहीत नाई." आणि हातोडी शोधायला गेले.

आता तो समोरच्या खोलीत, दारातून आत येताच दिसेल असा लावलेला आहे. हार घातला होता, पण त्यानं पाना झाकला जायचा, म्हणून मी काढून टाकला. नवीन कोणी आलं की थबकतं. काल वीजबिल वाटायला आलेल्या बाई उंबऱ्यातच थांबल्या. "ये कौन हैं?"

"मेरी ननंद."

"क्या कर रही हैं?"

मी म्हटलं, "बैठो, बताती हूँ."